गाडी तापते ती चालताना

माणिकगडच्या डोंगरावर वसलेल्या जिवतीत डिसेंबरची पहाट अंगावर काटा आणते. अंगणात शेकोटी पेटलेली असते आणि बाजूला जीप नुसतीच सुरू करून ठेवलेली असते. ‘गाडी तापू द्या, मग निघू,’ हे वाक्य इथल्या प्रत्येक प्रवाशाला पाठ आहे. आता त्याच सवयीला रिमोटची जोड मिळाली आहे. 2019 मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू, किया सेल्टोस यांसारख्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत दुरून इंजिन सुरू करण्याची सोय मिळू लागली. बाहेरून असा रिमोट बसवून देणारेही आहेत. सोय चांगली आहे. पण तिच्याभोवतीचे काही समज पैसे खातात आणि काही थेट जिवावर बेततात.

गैरसमज : थंडीत गाडी दहा मिनिटं उभ्याने तापवलीच पाहिजे.

वस्तुस्थिती : एके काळी हे खरं होतं. कार्बोरेटरच्या गाडीत थंड पेट्रोलची नीट वाफ होत नसे. चोक ओढून, रेस देत थांबलं नाही, तर गाडी चौकातच बंद पडायची. 2000 च्या सुमारास मोटारींत फ्युएल इंजेक्शन रुळलं आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 नियम आल्यावर मोटारसायकलींतही ते आलं. आता सेन्सर हवेचं आणि इंजिनचं तापमान पाहतात आणि पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो. ऑइलचा दाब काही सेकंदांत तयार होतो. अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं, की अर्ध्या मिनिटानंतर हळू निघावं.

उभ्या गाडीच्या इंजिनवर भार नसतो, म्हणून ते फार सावकाश तापतं. तोवर त्याला जादा पेट्रोल लागतं आणि त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं. गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांची बेअरिंग आणि टायर तर उभ्याने तापतच नाहीत.

हिशेब करून पाहा. लहान पेट्रोल गाडी उभ्याने तासाला साधारण 0.6 ते 0.8 लिटर पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याचे पाच तास. एक किलोमीटरही न जाता तीन ते चार लिटर पेट्रोल जळतं.

गैरसमज : गारठ्यात ऑइल गोठतं, म्हणून थांबावं लागतं.

वस्तुस्थिती : ऑइलच्या डब्यावर 20डब्ल्यू-40 किंवा 5डब्ल्यू-30 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो आणि तो जितका कमी, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. आपल्याकडचं जाडसर 20डब्ल्यू ऑइलसुद्धा उणे 15 अंशांना इंजिन फिरू देईल, अशी त्याची कसोटी असते. जिवतीच्या थंडीत ते थोडं घट्ट होतं, गोठत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल वेळेवर बदललं, की या काळजीचं कारणच उरत नाही.

गैरसमज : पेट्रोलचं ठीक आहे, पण डिझेलला तरी वेळ द्यावाच लागतो.

वस्तुस्थिती : डिझेल गाडीला वेळ द्यायचा तो सेल्फ मारण्याआधी. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तेव्हा हीटर प्लग इंजिनच्या आतली जागा तापवत असतात. दिवा विझला, की सेल्फ मारा. डिझेल गोठण्याची भीती लडाखमध्ये खरी आहे. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांतही न गोठणारं डिझेल आणलं. आपल्या डोंगरावर ती वेळ येत नाही. बीएस-6 डिझेल गाडीत तर नुसतं उभं ठेवण्याने धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठत जाते आणि ती जाळायला गाडी बराच वेळ वेगात चालवावी लागते.

गैरसमज : शेडचं दार लावून गाडी सुरू ठेवली, तर लवकर तापते.

वस्तुस्थिती : हा समज सगळ्यांत घातक आहे. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते आणि झोपलेल्या माणसाला तर हेही कळत नाही. आपल्याकडे शेड बहुधा घराला लागूनच असते आणि मधल्या दाराच्या फटीतून धूर थेट झोपायच्या खोलीत शिरतो. रिमोटमुळे हा धोका वाढतो, कारण बटण दाबणारा माणूस शेडमध्ये नसतो. दार अर्धं उघडं ठेवलं तरी भागत नाही. गाडी आधी बाहेर काढा.

गैरसमज : रिमोट स्टार्टर कोणत्याही गाडीला बसवता येतो.

वस्तुस्थिती : कंपनीकडून आलेल्या यंत्रणेत सुरक्षेच्या अटी असतात. दारं लॉक हवीत, गिअर योग्य जागी हवा आणि ठरावीक मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होतं. बाहेरून बसवलेल्या स्वस्त यंत्रणेत या अटी असतीलच असं नाही. आपण डोंगरातली माणसं उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून लावतो आणि ती सवय योग्यच आहे. पण अशा गाडीचं सेल्फ दुरून फिरलं, तर ती उडी मारून पुढे जाऊ शकते. अंगणात लेकरू असेल, बोनेटखाली उबेला मांजर बसलेलं असेल. शिवाय वायरिंग कापल्यामुळे वॉरंटी अडते आणि चोरीपासून राखणारा इमोबिलायझर चुकवून बसवला, तर चोराचं काम सोपं होतं.

गैरसमज : गाडी आपली, दार आपलं, मग कायदा कशाला आड येईल?

वस्तुस्थिती : स्वतःच्या अंगणात प्रश्न नाही, पण गाडी रस्त्यावर उभी असेल तर आहे. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 126 सांगतं, की सार्वजनिक जागी उभ्या वाहनात चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा.

मग रिमोट कुणाच्या कामाचा?

कॅनडात उणे 25 अंशांत काचेवर बर्फ जमतो. तिथल्या मराठी घरांना गाडी उघड्यावर उभी असताना काही मिनिटांची ऊब उपयोगी पडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेली गाडी एसीने थोडी निववायलाही रिमोट चालेल. पण चारही काचा उघडून थोडं अंतर गेलं, की आतली कोंडलेली धग त्याहून लवकर बाहेर पडते.

जिवतीच्या पहाटेला एवढं पुरे : गाडीखाली वाकून पाहा, बोनेटवर थाप मारा, काचेवरचं दव फडक्याने पुसा, गाडी सुरू करा, पट्टा लावा आणि निघा. पहिले चार-पाच किलोमीटर रेस कमी ठेवा. घाट उतरताना गाडी गिअरमध्येच असू द्या.

हे विशेष करून त्या घरांसाठी लिहितो, जिथून पहाटे कुणा बाळंतिणीला किंवा छातीत दुखणाऱ्या माणसाला गडचांदूरला, चंद्रपूरला न्यावं लागतं. गाडी थंड आहे म्हणून त्यांना दहा मिनिटं थांबवू नका. अर्ध्या मिनिटात निघा.