थळसमोरच्या बेटाची पाणबुडी

ब्रिटिशांनी आपल्या बॉम्बर विमानांना लँकेस्टर, हॅलिफॅक्स अशी गावांची नावं दिली. रोल्स-रॉइसची केस्ट्रेल, मर्लिन ही पिस्टन इंजिनं शिकारी पक्ष्यांच्या नावाची. जेट आल्यावर मात्र डरवेंट, एव्हन, ट्रेंट अशा नद्या आल्या. कल्पना झकासच!

आपल्या नौदलाने पाणबुडीच्या नावासाठी थळच्या किनाऱ्यावरून दिसणारं खांदेरी बेट निवडलं.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथे किल्ला बांधायला घेतला. बेटावर मायनाक भंडारी चिवटपणे तट उभारत होता, तर दौलतखानाचं आरमार इंग्रजांच्या गलबतांशी झुंजत होतं.

पहिली ‘आयएनएस खांदेरी’ १९६८ साली दाखल झाली, सोव्हिएत बनावटीची. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली. माझगाव डॉकने बांधलेली दुसरी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात आली.