खाशाबा जाधव यांची ऑलिंपिक तयारी

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे पहिले खेळाडू होत. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. त्यांचे सारे शिक्षण तांबड्या मातीत झाले होते, तर हे पदक गादीवर मिळाले. त्यांच्या तयारीचे वैशिष्ट्य या संक्रमणात आहे.

मातीतील घडण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत धाकट्या असलेल्या खाशाबांना त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरविले. शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये व पुढील शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात झाले. अंगयष्टी लहानखुरी असल्याने त्यांनी ताकदीपेक्षा चपळाईवर भर दिला. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. त्यात प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन कमरेच्या आधाराने फेकले जाते.

लंडन, १९४८

कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. गादीचा व आंतरराष्ट्रीय नियमांचा त्यांना येथेच प्रथम परिचय झाला. हा फरक केवळ पायाखालच्या पृष्ठभागाचा नव्हे. मातीच्या फडात निकाली कुस्ती म्हणजे चितपट. तेथे घाई नसते, आणि घामेजल्या अंगावर माती चोळून पकड घट्ट करता येते. गादीवर ती सोय नाही. शिवाय लढत ठरावीक मिनिटांत संपते आणि कोणी चितपट न झाल्यास त्या काळी पंच बहुमताने निकाल देत असत. साहजिकच, वाट पाहणारा मल्ल तेथे मागे पडतो. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी लंडनमध्ये त्यांना मार्गदर्शन केले. ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले. नवख्या मल्लाच्या मानाने ही कामगिरी उल्लेखनीयच होती.

हेलसिंकीची तयारी

पुढील चार वर्षांत त्यांनी व्यायाम वाढविला आणि ते वरच्या वजनगटात गेले. रोज सुमारे १००० बैठका व २५० ते ३०० जोर असा त्यांचा क्रम असल्याचे सांगितले जाते. दमसासाची ही पुंजी आखाड्याचीच देणगी होती. बदलायचे होते ते डावांचे गणित.

मेहनतीइतकीच कठीण होती पैशाची जमवाजमव. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या परदेशवारीसाठी प्राचार्याने घर पणाला लावावे, हे तत्कालीन क्रीडाव्यवस्थेबद्दल पुरेसे बोलके आहे.

स्पर्धा

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचे पोलिक्विन व मेक्सिकोचे बासुर्तो यांना चितपट केले. जर्मनीचे श्मिट्झ यांच्याविरुद्ध तीन पंचांपैकी दोघांचा कौल त्यांच्या बाजूने पडला. अखेरच्या टप्प्यात मात्र त्यांना जपानचे शोहाची इशी व सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव या दोघांकडून हार पत्करावी लागली. इशी ज्युदोकडून कुस्तीकडे वळलेले होते आणि सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. मामेदबेयोव दुसरे आले. दोन लढतींच्या मध्ये नियमानुसार ३० मिनिटांची विश्रांती आवश्यक असताना खाशाबांना इशींशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर लगेच पुन्हा गादीवर उतरविण्यात आले व हरकत घेण्यास भारतीय पथकाचा कोणी अधिकारी तेथे नव्हता, असे त्यांच्या चरित्रविषयक लेखनात नमूद आहे. तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता का, याची चर्चा कुस्तीप्रेमींत आजही होते.

मायदेशी परतल्यावर कऱ्हाड ते गोळेश्वर अशी त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांसह निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची दंगल भरवून मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले, असेही सांगतात. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.