वळिवड्यातील पोलिश वसाहत

कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे हे करवीर तालुक्यातील गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ अशी जवळजवळ पाच वर्षे, या गावाच्या शिवारात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया आणि मुले बहुसंख्य होती. कर्ते पुरुष युद्धावर होते, कैदेत होते किंवा मरण पावले होते.

ही माणसे करवीरपर्यंत पोचली कशी, याचे मूळ १९३९ मध्ये आहे. त्या वर्षी १ सप्टेंबरला जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत ताब्यात गेला आणि फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो लोकांना कुटुंबांसह मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात पाठवण्यात आले. जंगलतोड, शेतावरची वेठ, थंडी आणि उपासमार यांत अनेक जण दगावले. जून १९४१ मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावरच उलटला, तेव्हा लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात ३० जुलै रोजी करार झाला. कैद्यांना सोडून त्यांतून जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली सैन्य उभारायचे ठरले. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले आणि त्याच्या आधाराने हजारो बायकामुलेही बाहेर पडली. इराणात त्यांना कायम ठेवणे शक्य नव्हते. काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही न्यूझीलंडला, काही मेक्सिकोला. काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आले.

हिंदुस्थानातील पहिला मोठा आसरा नवानगर संस्थानात मिळाला. जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी छावणी उघडली. वॉर्सातील एका चौकाला त्यांचे नाव आहे, आणि तो मान रास्तच आहे. मात्र बालाचडी ही मुलांची छावणी होती. पूर्ण कुटुंबांसाठी दीर्घकाळची वसाहत हवी होती, आणि ती कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याला झाली. जवळ रेल्वे होती, नदीचे पाणी होते आणि थंड मुलखातून आलेल्यांना कोल्हापूरची हवा सिंध-काठेवाडपेक्षा सुसह्य होती. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारवर होता.

वसाहतीची मांडणी ओळीने उभारलेल्या लांब बराकींची होती. वर कौले, भिंती तट्ट्यांच्या, प्रत्येक कुटुंबाला आपल्या खोल्या, स्वयंपाकाची वेगळी जागा आणि पुढे पडवी. दिसायला ही गोष्ट साधी आहे, पण तिचे मोल फार मोठे होते. सोव्हिएत श्रमछावण्यांतून आणि इराणातल्या तंबूंतून आलेल्या बाईला कित्येक वर्षांनी स्वतःची चूल मिळाली. काय शिजवायचे, मुलांना केव्हा जेवू घालायचे, हे ती स्वतः ठरवू लागली. लंगरच्या रांगेत उभे राहणारा माणूस आणि घरात चूल पेटवणारा माणूस यांच्या जगण्यात जे अंतर असते, ते वळिवड्याने मिटवले.

वसाहतीत चर्च, दवाखाना, अनाथाश्रम, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या. स्काउटची पथके होती, नाटके आणि गायनाचे कार्यक्रम होत, नाताळ आणि ईस्टर आपल्या रीतीने साजरे होत. शिक्षण पोलिश भाषेतच चाले. देश नकाशावरून पुसला जात असताना त्या देशाची एक पिढी पंचगंगेकाठी पोलिश लिहायला-वाचायला शिकत होती. कारभारही बराचसा पोलिश अधिकाऱ्यांच्या हाती होता. मुंबईतील पोलिश वकिलात आणि रेड क्रॉस यांच्याकडून मदत येई; महावाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांचा या कामात मोठा वाटा होता. आजारी मुलांची सोय पाचगणीला झाली. गावाशी व्यवहार रोजचा होता. भाजीपाला, दूध, कापड, शिवणकाम यांसाठी दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती, आणि काही पोलिश तरुणांना मराठी बोलता येऊ लागले. एका पोलिश मुलीने कोल्हापुरात लग्न केले आणि ती इथलीच झाली.

युद्ध संपले, पण परतीचा रस्ता उघडला नाही. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देण्यात आला होता, म्हणजे बहुतेकांची गावे आता परदेशात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. दरम्यान १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्याला आली. १९४७ आणि १९४८ मध्ये वसाहत हळूहळू रिकामी होत गेली. आंदेर्सच्या सैन्यातील सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही ऑस्ट्रेलियाला, काही इतरत्र. थोडे पोलंडला परतले. जे इथेच वारले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत.

रिकाम्या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेल्या हिंदू कुटुंबांना त्याच जागी आसरा मिळाला आणि वसाहतीचे गांधीनगर झाले. आज ते कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाते. युद्धाने आणि फाळणीने हाकललेल्या दोन समाजांना एकाच शिवाराने पाठोपाठ सामावून घेतले, अशी उदाहरणे जगात थोडीच सापडतील.

पोलंडने ही आठवण जपली. इथे वाढलेल्या मुलांनी पुढे संघटना स्थापन केली, आपल्या आठवणींचे ग्रंथ काढले. कोल्हापुरात महावीर उद्यानात स्मारक झाले, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे राहिले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ झाला. मात्र हा सगळा इतिहास मुख्यतः पाहुण्यांच्या शब्दांत नोंदला गेला आहे. वसाहतीत दूध घालणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, तिथे मजुरीला जाणाऱ्या घरांची बाजू त्यात फार थोडी येते. त्या काळी लहान असलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. कोल्हापूरच्या महाविद्यालयांनी आणि ग्रामपंचायतींनी त्यांच्या आठवणी, घरातली कागदपत्रे आणि छायाचित्रे आताच गोळा करायला हवीत.