गाझी कशी बुडाली?

बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याहून समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनावरून वाहणारी गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी याही तिथेच रित्या होतात. पावसाळा सरला की या नद्यांचं हलकं गोडं पाणी समुद्रावर थर धरून तरंगतं आणि खारं पाणी खाली राहतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर धावतो, पण असे थर लागले की त्याची वाट वाकते. म्हणून आवाजाच्या आधारे पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारवाल्यासाठी हा उपसागर अवघड. याच समुद्रात, विशाखापट्टणमच्या तोंडाशी, १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आतल्या ९३ जणांसह बुडाली. ती कशी बुडाली, यावर पन्नास वर्षांनंतरही एकमत नाही.

गाझी मूळची अमेरिकी. १९४४ साली ‘डायाब्लो’ या नावाने पाण्यात उतरलेली, १९६४ मध्ये पाकिस्तानी आरमारात दाखल झालेली. पाकिस्तानकडे १९७१ मध्ये फ्रेंच बनावटीच्या नव्या पाणबुड्याही होत्या, पण कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाण्याइतका दम या म्हातारीतच होता. १४ नोव्हेंबर १९७१ ला तिने कराची सोडली. बंदराबाहेर सुरुंग पेरायचे आणि आपली विमानवाहू ‘विक्रांत’ गाठायची, हे तिचं काम.

विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, वेग घटला होता. तिला अंदमानात दडवून ठेवलं होतं. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी मग एक नाटक रचलं. दुसऱ्या महायुद्धातली जुनी विनाशिका ‘राजपूत’ हिला विक्रांतचं सोंग दिलं. बिनतारी संदेशांची वर्दळ वाढवली. एवढंच काय, विक्रांतवरच्या कुणा खलाशाने आजारी आईची चौकशी केल्याची तारही मुद्दाम उघड भाषेत धाडली. युद्धात असा बारकावा सुचणाऱ्या डोक्याचं मला फार कौतुक वाटतं. समोरच्याने ती तार खरंच वाचली का, हा प्रश्न वेगळा.

३ डिसेंबरच्या मध्यरात्री राजपूत विशाखापट्टणम बंदराबाहेर पडत होती. लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली. त्यांनी पाण्याखाली फुटणारे दोन डेप्थ चार्ज टाकले आणि जहाज पुढे काढलं. सव्वाबाराच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. इंदिरा गांधींचं भाषण ऐकायला शहर जागंच होतं. सकाळी कोळ्यांना तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या, नौदलाचे पाणबुडे खाली उतरले आणि गाझीची ओळख पटली.

म्हणजे राजपूतने बुडवली. भारताची अधिकृत भूमिका हीच. पाकिस्तान म्हणतो, ती अपघाताने, स्वतःच्याच सुरुंगांनी गेली. तिसरा तर्क बॅटरीचा. इंजिनं बंद ठेवून पाण्याखाली चालताना अशी पाणबुडी शेकडो कप्प्यांच्या शिसे-आम्ल बॅटरीवर चालते. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखीच ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बंद डब्यात या वायूचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते.

साक्षीदार उरला तो पत्रा. बाहेरून दणका बसला तर पाण्याचा दाब कवच आत चेपतो, आत स्फोट झाला तर कडा बाहेर वळतात. गाझीच्या पुढच्या भागाच्या ठिकऱ्या आतून उडाल्यासारख्या होत्या, असं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं आहे. पुढच्याच कक्षात टॉर्पेडो असतात. पण म्हणून राजपूतचा दावा आपोआप खोटा ठरत नाही. तिच्या दणक्याने आतला दारूगोळा पेटला असेल, किंवा घाईने बुडी मारताना गाझी उथळ तळावर आपटली असेल. स्फोट आतला, हे मला पटतं. तो पेटवला कुणी, हे मात्र पत्रा सांगत नाही.

तारखेचाही घोळ आहे. जे. एफ. आर. जेकब (पुढे लेफ्टनंट जनरल) तेव्हा कोलकात्यात पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते. गाझी १ किंवा २ डिसेंबरलाच सुरुंग पेरताना फुटली, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं असेल तर ती युद्ध जाहीर होण्याआधीच संपली होती आणि राजपूतने रिकाम्या पाण्यावर डेप्थ चार्ज टाकले. त्या काळचे नौदलाचे कागद तपासावेत, तर ते नष्ट झाल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या.

विशाखापट्टणमच्याच किनाऱ्यासमोर फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘आरओ-११०’ ही जपानी पाणबुडीही बुडाली. तिच्याबद्दल मात्र वाद नाही, कारण भारतीय ‘जमुना’ आणि दोन ऑस्ट्रेलियन जहाजांनी मिळून तिचा पाठलाग केला होता.

जिच्या मागावर गाझी आली होती, ती विक्रांत पुढे मुंबईत संग्रहालय झाली, मग २०१४ मध्ये भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या ‘व्ही १५’ मोटारसायकलीत गेलं. म्हणजे शिकार बीडच्या रस्त्यांवरूनही फिरली असेल, आणि शिकारी अजून तळाशीच. २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचावयानाने तिचे अवशेष पुन्हा शोधले. पुढच्या कक्षात सुरुंग किती उरलेत, बॅटरीचे कप्पे शाबूत आहेत का, एवढं पाहिलं तरी तीनपैकी एखादा तर्क बाद होईल. पण ती आतल्या माणसांची समाधी आहे, म्हणून नौदलाने तिला हात लावला नाही.