‘रामा बिन धोंडी’चं आडनाव काय?

2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आमच्या पलूस भागात मोडी वाचणाऱ्या माणसाला लग्नसराईतल्या भटजीइतका भाव आला. मला मोडी जेमतेम येते, तरी दारात चपला दिसू लागल्या. येणाऱ्याची मागणी ठरलेली असे : “जुन्या दप्तरात पवारांचं काय निघतंय का बघा.” कुणाला पवार हवे असत, कुणाला जाधव, कुणाला पाटील. जणू दप्तरात आडनावाप्रमाणे कप्पे पाडून ठेवलेत.

तसे कप्पे नसतात. मुळात जुन्या नोंदीत आडनाव असेलच, हाच सगळ्यात मोठा गैरसमज. जन्ममृत्यूचं गाव नमुना 14, ज्याला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, ते उघडलं की ओळ दिसते ‘रामा बिन धोंडी’, पुढे जात, की संपलं. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखत, तिथे कोतवालाला त्याहून जास्त लिहायची गरजच नव्हती. आता हे ‘बिन’ वाचून एका गृहस्थांचा चेहरा उतरला होता. “आमचे पणजोबा मुसलमान होते की काय?” अहो, बिन म्हणजे मुलगा. शब्द अरबी खरा, पण मराठी दप्तरात तो मराठा, माळी, सुतार, महार सगळ्यांच्या नावात सुखानं नांदलाय. ‘वलद’चंही तेच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ येतं : ‘सखू कोम रामा’, म्हणजे रामाची बायको. पुढे सातबाऱ्यावर त्याचं ‘भ्र.’ झालं, भ्रतार. आणि सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’ला आडनाव समजून त्या नावाचं घराणं शोधणाराही मला भेटलाय. ते आडनाव नव्हे, ‘अज्ञान पालनकर्ता’. वारस लहान होता, एवढंच त्याचं सांगणं.

आडनाव लिहिलेलं असलं, तरी ते कधीचं हा प्रश्न उरतोच. पाटील हे काम होतं, वतन होतं. ज्याच्याकडे पाटीलकी, तो पाटील. त्याचं कुळाचं आडनाव निराळं. इथून जवळच्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. आता एखाद्यानं जुन्या कागदात फक्त ‘पाटील’ शोधले, तर अशी पिसाळ घराणी त्याच्या हाती लागणारच नाहीत, उलट भलत्याच गावचे दहा पाटील सापडतील. महसुली पाटलाचं पद 1962 च्या कायद्यानं गेलं. आडनाव तेवढं मागं राहिलं.

आता पवार. “पवार म्हणजे सगळे धारचे, आपली एकच भावकी,” असं छातीठोक सांगणारे पुष्कळ. पण पवार मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. एका आडनावाचे लोक एका रक्ताचे असते, तर सोयरिकी जुळवणाऱ्यांचं काम केव्हाच संपलं असतं. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. फिलिपिन्समध्ये 1849 साली स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियानं आडनावांची छापील यादीच काढली आणि गावोगाव त्यातली नावं वाटली. काही गावांत तर जवळजवळ सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरावरून सुरू होतात. तिथल्या एखाद्या स्पॅनिश आडनावावरून त्याचा पूर्वज स्पेनहून आला असं म्हणता येत नाही. गोव्यात बाटलेल्या घरांना पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. तिथला फर्नांडिस दुसऱ्या फर्नांडिसचा कोणी लागतोच असं नाही.

कागद कुठं शोधायचा यातही घोळ होतो. लोक पलूसच्या तहसीलला हेलपाटे घालतात, पण पलूस तालुका हा कालचा. त्याआधी पलूस गाव तासगाव तालुक्यात होतं. सांगली जिल्हाही जुना नव्हे. 1949 मध्ये दक्षिण सातारा झाला, त्याचं नाव 1960 मध्ये सांगली पडलं. म्हणून जुन्या कागदाच्या डोक्यावर ‘जिल्हा सातारा’ दिसलं की “हे आमचं नव्हे” म्हणून बाजूला सारू नका. कुंडल तर औंध संस्थानात. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तीही औंधकरांनी दिलेल्या जागेवर. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. म्हणजे पलूसचा आणि कुंडलचा पणजा शेजारी राहत असला, तरी एकाचा कागद इंग्रजांच्या दप्तरात आणि दुसऱ्याचा संस्थानच्या.

मग शोधायचं कशावरून? गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर. फेरफाराची जुनी नोंद सापडली तर उत्तम, कारण तिथे मयताचे वारस एका ओळीत बसलेले असतात. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. आणि मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, हे डोक्यात ठेवून बघा.

आमच्याकडे हेळवी येतो. बैल दारात बांधतो, बासनातून वही काढतो आणि मूळ पुरुषापासून नावं सुराला लावून म्हणतो. गंमत अशी, की तो नुसत्या आडनावावर वही उघडत नाही. आधी मूळ गाव विचारतो, मग कुलदैवत. गेल्या खेपेला तो माझ्या खापरपणजोबापर्यंत न अडखळता गेला. आजीचं नाव विचारलं तेव्हा थांबला. वहीत मुलगे होते, त्यांचे मुलगे होते. स्पेनमध्ये माणूस बापाच्या आडनावाला आईचं जोडून दोन्ही लिहितो, म्हणून तिकडे बाईचा माग थोडा तरी लागतो. आमच्या आजीचं लग्नात नावही बदललेलं. शेवटी तिची नोंद तिच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात निघाली, नाव न ठेवताच लिहिलेली : ‘मुलगी’, आणि पुढे तिच्या बापाचं नाव.