पिकाचा फोटो: आधी पोटावर झोपा

लडाखला पोस्टिंग असताना दगडांतून डोकावणारा पिका नेहमी दिसायचा. दिसायला उंदरासारखा, पण नात्याने सशाच्या जवळचा. माझे पहिले फोटो फसले, कारण मी ते उभ्याने काढले होते.

आता मी लांबच पोटावर झोपतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, शटर १/१०००, फोकस डोळ्यावर. तो आपणहून चरायला बाहेर येईपर्यंत थांबायचं. तिथला उन्हाळा छोटा आणि पिका शीतनिद्रा घेत नाही. आपण त्याला पळवलं तर त्याचं खाणं बुडतं.

घरी रॉ फाइलमध्ये सावल्या थोड्या उजळा, नॉइज कमी करा, फ्रेम कापा. पण तोंडासमोरची गवताची काडी पुसू नका. टेहळणीच्या अहवालात दिसलं तेच लिहितात, फोटोचंही तसंच.