तिरप्या पडद्यांची गिटार

मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा घ्यावयास गेल्यास तो पुरुषाच्या आवाजासाठी हवा की स्त्रीच्या, हे प्रथम सांगावे लागते. पुरुषांचा तंबोरा लांब, स्त्रियांचा आखूड. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्ये घडविली जातात व २०२४ साली तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु लांबीचा हा भेद कोणा कारागिराची लहर नव्हे. खालच्या स्वराला लांब तार मानवते, वरच्या स्वराला आखूड. मग एकाच वाद्यावर दोन्ही प्रकारचे स्वर वाजवावयाचे असल्यास तारांची लांबी कोणती धरावी? विजेच्या साहाय्याने वाजणाऱ्या भरीव गिटारीच्या एका प्रकारात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

तारेचा स्वर तिची लांबी, तिचा ताण व तिचे वजन या तिघांवर अवलंबून असतो, हे मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. सहा तारांच्या गिटारीत सर्वांत जाड तार दर सेकंदास सुमारे ८२ कंपने करते व सर्वांत बारीक तार सुमारे ३३०. म्हणजे दोन सप्तकांचे अंतर झाले. ते केवळ लांबीने साधावयाचे, तर बारीक तार ६४८ मिलिमीटर असता जाड तार अडीच मीटरांहून अधिक लांब घ्यावी लागेल. केवळ ताण कमी करून साधावयाचे, तर जाड तारेवर सोळावा हिस्सा ताण उरेल व ती लोंबकळू लागेल. म्हणून सर्व तारा एकाच लांबीच्या ठेवून खालच्या तारा जाड करण्याची रीत पडली. पण जाडीलाही मर्यादा आहे. जाड तार सळईसारखी ताठ होत जाते, तिच्यातील वरचे उपस्वर किंचित चढे लागतात आणि नाद बोथट होतो. गाभ्यावर दुसरी तार गुंडाळल्याने हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

तिरप्या पडद्यांच्या गिटारीत म्हणून प्रत्येक तारेस वेगळी लांबी दिलेली असते. बारीक तार साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर, व जाड तार सत्तावीस इंच, म्हणजे ६८६ मिलिमीटर, हे एक प्रचलित माप होय. वाढ दिसावयास अल्प. पण तीच तार त्याच स्वराला लावली असता ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून येथे तो सुमारे १२ टक्क्यांनी अधिक होतो. जाड तार घट्ट व स्पष्ट बोलते. सर्वच तारा लांब केल्या असत्या, तर बारीक तार मींडेसाठी ओढताना बोटांना जड गेली असती व लवकर तुटली असती.

प्रत्येक तारेचे पडदे तिच्याच लांबीच्या प्रमाणात बसवावे लागतात. बारावा पडदा लांबीच्या निम्म्यावर येतो : एकीकडे ३२४ मिलिमीटरांवर, दुसरीकडे ३४३. हे बिंदू जोडले की पडदे पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरतात. एक पडदा, बहुधा सातवा, तेवढा सरळ राहतो. कल्पना जुनी आहे; सोळाव्या शतकात इंग्लंडात ऑरफॅरियन या वाद्यावर तिरपे पडदे आढळत. राल्फ नोव्हाक या अमेरिकन कारागिराला अशा गिटारीचे पेटंट १९८९ साली मिळाले.

या वाद्याचे अंग भरीव लाकडाचे असते. तंबोऱ्याचा भोपळा तारेचा नाद मोठा करतो. ते काम येथे ध्वनिवर्धक करतो. पोकळ अंग मात्र ध्वनिवर्धकाच्या आवाजाने स्वतःच कंप पावून शीळ घालू लागते. म्हणून भरीव ठोकळा सोयीचा. तारांखाली चुंबक व त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तंबोऱ्याची पितळी खर्जाची तार येथे मुकीच राहील. तारा लहानमोठ्या असल्याने ही वेटोळीही सहसा तिरपी बसवितात.

रायपुरात असे वाद्य बाळगणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्या. मे महिन्याच्या कोरड्या उष्णतेनंतर पावसाळी दमट हवा आली की लाकूड फुगते व दांडा वाकतो. दांड्यातील पोलादी सळई किल्लीने कसता येते की नाही, हे घेतानाच तपासावे. दुसरी गोष्ट गुणगुणण्याची. आपल्याकडे घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तने करते आणि तिचा गुंजारव एकेरी वेटोळ्यात शिरतो. उलटसुलट जोडलेल्या दोन वेटोळ्यांत तो परस्पर रद्द होतो. ही युक्ती गिब्सन कारखान्यातील सेथ लव्हर यांनी १९५५ साली गिटारीसाठी सिद्ध केली.

बोटांना तिरपेपणाची सवय बहुधा लवकर होते. अडचण येते ती वरच्या टोकाशी, पहिल्या दोनतीन पडद्यांवर, जेथे शिकाऊ वादकाचे सर्व प्रारंभिक स्वरमेळ असतात. सरळ पडदा जितका त्या टोकाजवळ, तितका तेथील तिरपेपणा कमी. परंतु मग घोडीकडील पडदे अधिक तिरपे होतात.